मशीन राहू द्या, आधी पावडरीत काय आहे ते बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या घरातली जुनी भांडणं आठवली. तुम्ही बंगळुरूहून नाशिकला मुक्काम हलवलेला, कॉफीचा फिल्टर (वरच्या भांड्यातून खालच्यात अर्क उतरवणारा) तोच, पावडर ‘तीच’ ऑनलाइन मागवलेली, दूध तिकडच्यापेक्षा चांगलं, आणि तरी कपात काळपट, गुळमट, बिनवासाचं काहीतरी. त्यात घरच्यांचा सल्ला, "इन्स्टंट कर आणि मोकळी हो." आता एवढे पैसे घालून एस्प्रेसो मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नको. निदान एवढ्यात तरी नको.

फिल्टर कसा लावायचा, पावडरीवरची चकती किती दाबायची हे सांगत बसत नाही. बंगळुरूच्या मल्लेश्वरमला इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते मी काय शिकवणार? तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. एक, ‘रंग पूर्वीपेक्षा काळा येतो पण दम नाही.’ दोन, ‘डिकॉक्शन (म्हणजे तो अर्क) कधी कधी सकाळपर्यंत वरच अडकून राहतं.’ पहिलं लक्षण चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजून दळलेल्या मुळाचं, दुसरं दळणाचं. दूध बदलून, पाणी बदलून यातलं काहीच सुटत नाही.

आधी एक स्पष्ट करते, मी चिकोरीच्या विरोधात नाही. ‘आम्ही शंभर टक्के शुद्धच पितो’ म्हणणारे आमच्याकडेही आहेत, आणि ते दुधाच्या कॉफीत शुद्ध पावडर घालून पातळ कॉफी पितात, असं माझं मत आहे. ब्लॅक पिणाऱ्यांनी शुद्धच प्यावी. पण दूध-साखर घालणार असाल तर थोडी चिकोरी कॉफीला दाटपणा देते, रंग देते, मागे एक गोडसर कडवटपणा ठेवते. ती आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते, त्यात कॅफीन नसतं. भानगड प्रमाणाची आहे. पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ती कॉफीला धरून राहते. चाळीसच्या पुढे गेली की कॉफी मागे पडते आणि जिभेवर जळक्या गुळाची चव उरते. (हे आकडे माझ्या जिभेचे. तुमचे वेगळे निघतील.)

आणि कायदा इथे तुमच्या कामाचा नाही. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, एवढंच नियम सांगतो. म्हणजे निम्म्याला टेकलेली चिकोरी घालूनही पाकिटावर ठळक अक्षरात ‘फिल्टर कॉफी’ छापता येतं. फक्त दोन्हींचं प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं. बंगळुरूला कोपऱ्यावरच्या दुकानात आपल्याला हे वाचावं लागत नव्हतं, कारण दुकानदारच आधी विचारायचा, किती पर्सेंट? आपण ८०-२० (ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी) म्हणायचो, तो समोर बिया घालून दळून द्यायचा. त्या एका प्रश्नावर आपली आख्खी आवड उभी होती, हे तिथून निघाल्यावर कळतं.

आता जरा मन मोकळं करते, घाई असेल त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. विक्रेत्याचं नाव घेणार नाही, विचारूही नका. तिकडे बंगळुरूला मी त्यांच्याच दुकानातून ८०-२० घ्यायची. इकडे आल्यावर त्यांच्याच साइटवरून मागवायला लागले. तेच नाव, तेच चित्र, तोच लाल पट्टा. सुरुवातीला ठीक होती. मग हळूहळू रंग गडद व्हायला लागला आणि वास उतरायला लागला. मी गायीचं दूध सोडून सहा टक्के फॅटचं फुल क्रीम आणलं. पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलली. पितळी फिल्टरला कल्हई करून आणली, आणि हल्ली कल्हईवाला शोधणं म्हणजे काय असतं ते शोधणाऱ्यालाच माहीत. वर एक स्टीलचा फिल्टरही घेतला. नवरा म्हणाला, "तुझी चवच बदलली असेल." काही दिवस मलाही तेच वाटलं.

शेवटी कर्नाटकातल्या कॉफीच्या मुलखातल्या, चिकमगळूरच्या एका ओळखीच्या बाईंनी ग्लासची परीक्षा करून बघायला सांगितली. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, न ढवळता वर चमचाभर पावडर सोडा. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच बुडायला लागते आणि खाली जाताना तपकिरी रेघा सोडते. आमच्या ग्लासात नुसता पाऊस पडला. मग पाकीट नीट पाहिलं. प्रमाणाच्या ओळीवर नेमका किमतीचा स्टिकर डकवलेला. नखाने खरवडला तर खाली ६०-४०. नाव तेच, चित्र तेच, आतला माल दुसरा. दळणही बदललेलं, बोटांत धरलं तर मैद्यासारखं लागत होतं.

मी कस्टमर केअरला एका ओळीचा प्रश्न लिहिला: प्रमाण कधी आणि का बदललं? उत्तर आलं, ‘चव ही व्यक्तिसापेक्ष असते.’ अहो, मी चव विचारलीच नव्हती, टक्के विचारले होते! मग त्यांनी ऑर्डर नंबर मागितला, जो मी आधीच दिला होता. मग पाकिटाचा फोटो. मग, विश्वास ठेवा, तयार कॉफीचा कपातला फोटो. आणि मग तक्रार ‘निकाली’ निघाल्याचा मेसेज. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केल्यावर मात्र हालचाल झाली आणि विक्रेत्याने मला एक कूपन पाठवलं, पुढच्या खरेदीवर, त्याच पावडरीसाठी. ते कूपन अजून इनबॉक्समध्ये पडलंय. मला पैशांपेक्षा राग त्या व्यक्तिसापेक्ष शब्दाचा आला. माणसाची आवड त्याची स्वतःची असते हे खरंच, पण म्हणून पाकिटातला माल बदलायचा आणि ग्राहकाच्या जिभेवर ढकलायचं?

२०२४ पासून कॉफीचे भाव जगभर चढले, रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन्ही जातींनी विक्रम केले. चिकोरी त्या मानाने स्वस्त. त्यामुळे प्रमाण सरकवण्याचा मोह कुणालाही होईल, असा माझा अंदाज. अंदाजच आहे, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही.

तर तुम्ही काय करायचं? आधी घरातल्या पावडरीची ग्लासची परीक्षा. त्यातून चिकोरी आहे हे कळतं, किती ते नेमकं कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मग पाकिटावर टक्के शोधा, स्टिकर असेल तर खरवडा. ते झालं की शुद्ध कॉफी पाव किलो आणि चिकोरी शंभर ग्रॅम वेगवेगळी आणा आणि घरच्या काट्यावर मिसळा. आधी ९०-१०, मग ८०-२०, मग ७०-३०. प्रत्येक मिश्रण तीन-चार दिवस प्या, एका दिवसात निकाल लावू नका, कारण पहिल्या दिवशी नवं ते सगळं बरं लागतं. घरच्यांना प्रमाण सांगू नका. आमच्याकडे इन्स्टंटवाल्या नवऱ्याने न सांगता ७०-३० उचलली आणि मी ८५-१५ वर थांबले. आता दोन डबे आहेत आणि भांडणं दुसऱ्या विषयांवर होतात.

दळण मध्यम मागा, बारीक रव्याच्या जवळपासचं. पाणी दोन-तीन मिनिटांत खाली पळालं तर दळण जाड आहे. पंधरा-वीस मिनिटांत टपटपत उतरलं तर जमलं. रात्रभर अडकलं तर एकतर पीठ झालंय किंवा चाळणीची भोकं बुजलीयत. भोकं उजेडासमोर धरून बघा. बुजली असतील तर स्टीलचं वरचं भांडं क्षणभर गॅसच्या आचेवर धरलं की अडकलेली पूड जळून जाते. कल्हईच्या पितळी भांड्याला हे करू नका, कल्हई वितळेल.

पीबेरी घ्यावी की प्लँटेशन ए, असंही तुम्ही विचारलंय. फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलं की ती पीबेरी, आणि प्लँटेशन म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका. तिकडचे लोक दोन्ही निम्मी निम्मी घेतात, मीही घेते. पण दुधाच्या कॉफीत हा फरक चिकोरीच्या फरकापुढे फार छोटा. रोबस्टा मिसळली तर दम वाढतो, पण कॅफीनही अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. तुमच्या सासऱ्यांना झोपेचा त्रास आहे असं लिहिलंय, म्हणून सांगितलं. मी डॉक्टर नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

बाकी जायफळाबद्दल कुणाचं ऐकू नका. सासूबाईंना दुधात उकळलेली, जायफळ-वेलची घातलेली, खीर म्हणावी इतकी गोड कॉफी आवडते असं तुम्ही जरा शरमून लिहिलंय. अहो, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कॉफी अशीच पितात! त्यांच्यासाठी फिल्टरची पावडर वाया घालवू नका एवढंच. त्या कॉफीला इन्स्टंट छान चालते, जायफळापुढे बाकीचे वास टिकत नाहीत. फिल्टरवाल्यांच्या कपात मात्र डिकॉक्शन घातल्यावर पुन्हा उकळी आणू नका. दूध कढत घ्या, डिकॉक्शन वरून.

मशीनबद्दल: त्याला दळण वेगळं लागतं, आणि चिकोरीची पावडर घातली तर ते चोंदायची भीती. तुम्हाला दावरा-टंबलरमधली (पेला आणि वाटीच्या जोडीतली, दाक्षिणात्य) कॉफी हवी आहे, ती त्यातून येणारही नाही. जावयाला एस्प्रेसो आवडते म्हणून घेणार असाल तर वेगळी गोष्ट.

पावडरीसाठी मुंबईला कुणाची फेरी असेल तर माटुंग्याला पाठवा, तिथल्या जुन्या दुकानांत अजून समोर दळून मिळते. पाव किलोच्या वर घेऊ नका, दळलेली पावडर महिनाभरात उतरते. पिशवीवर प्रमाण आणि तारीख पेनाने लिहून मागा. लिहायला का-कू केली तर दुकान बदला, शेजारीच दुसरं असतं.