विचारा भाऊले : फोमची जमीन, पऱ्हाटीची झाडं

मागच्या अंकात टेबलावरच्या लढायांच्या खेळाबद्दल चार ओळी टाकल्या होत्या, म्हणजे बोटाच्या पेराएवढे सैनिक, टेपने मोजून चाल, फासे टाकून मारामारी आणि खाली खऱ्यासारखी दिसणारी जमीन. पत्रं भरपूर आली पण खेळाच्या नियमांबद्दल एकानेही विचारलं नाही, सगळ्यांचं एकच, जमीन कशी बनवायची. वावरवाल्यांचा भाग आहे, जमिनीचंच विचारणार ना! निवडक पत्रं घेतो, बाकीच्यांची उत्तरं यातच येऊन जातील.

भाऊ, व्हिडिओत सगळे निळा नाहीतर गुलाबी फोम वापरतात, आमच्याकडे स्टेशनरीत फक्त पांढरं थर्माकोल मिळते. त्याने जमणार नाही का? आणि इकडे संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम चालू आहे, तिथं पिवळा फोम पडून राहते, तो उचलून आणला तर चालते का?
– वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

थर्माकोलही पॉलिस्टायरीनच आणि तो निळा फोमही पॉलिस्टायरीनच, फरक बनवण्यात आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेले दाणे वाफेने एकमेकांना चिकटवलेले, म्हणून कापलं की दाणे सुटतात, घरभर उडतात, अंगाला चिकटतात आणि कडा कधीच स्वच्छ येत नाही. दुसरा आहे एक्सपीएस, तो मशीनमधून सलग पट्टा काढल्यासारखा निघतो, आत दाणा नाहीच, त्यामुळे त्यावर नखाने ओढलेली रेघसुद्धा दगडाच्या भेगेसारखी बसते. रंगावर जाऊ नका, निळा गुलाबी हिरवा हा कंपनीचा रंग, कामाला सारखाच.

दुकानात 'वॉरगेमिंगचा फोम' म्हणाल तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. नागपूर अमरावती अकोल्याला एसीचं डक्टिंग करणारे किंवा गच्चीवर उष्णतारोधक थर टाकणारे ठेकेदार असतात त्यांना 'एक्सपीएस शीट' म्हणून विचारा, त्यांच्याकडे तुकडेही पडलेले असतात. शीट बहुतेक वेळा 1250 बाय 600 मिलिमीटरची येते, म्हणजे साधारण चार बाय दोन फूट, जाडी 25, 50, 75. आता हिशेब बघा, मोठ्या खेळाचं टेबल पूर्वीपासून सहा बाय चार फुटांचं धरतात, तर तीन शीट शेजारी ठेवल्या की टेबल झालं. तिन्ही शीट मधोमध कापून साधारण 600 बाय 600 चे सहा चौकोन केले तर कपाटामागेही ठेवता येतात आणि फिरवून फिरवून दरवेळी वेगळी जमीन मांडता येते. 50 ची एक शीट जेमतेम सव्वा किलोच्या आसपास भरते, पण बाईकवर आडवी धरून आणू नका, समोरून ट्रक गेला की वाऱ्याने मधोमध मोडते. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाका.

आता तो पिवळा फोम. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत बहुतेक पफ असतो, म्हणजे पॉलियुरेथेन, वेगळीच जात. ओळखायचं असेल तर ॲसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब कोपऱ्यावर टाका, एक्सपीएस आणि थर्माकोल बसून जातं, खड्डा पडतो, पफला काही होत नाही. पफ चाकूने कापून टेकडीला वापरता येतो पण भुगा लय बारीक पडतो, नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा. आणि त्याला गरम तार अजिबात लावू नका, तो वितळत नाही, जळतो, आणि त्या धुरात सायनाइडसारखे विषारी वायू असतात. फुकट मिळतो म्हणून एवढी जोखीम कोण घेते बाप्पा. ठेकेदाराला विचारून आणा हे सांगायची गरज नसावी.

दादा, गरम तारेचा कटर घरी बनवायचा आहे. मोटारसायकलच्या बॅटरीला तार जोडली तर होते का? लाइटचा काही भरवसा नाही आमच्याकडे.
– बारावीचा विद्यार्थी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

होते, पण नीट ऐक. 26 गेजची नायक्रोम तार (शेगडी-हीटरमधे असते ती) घेतली तर फूटभर तारेचा रोध अंदाजे 2 ओहम. त्याला 12 व्होल्ट दिले की 6 अँपिअर जातात, 72 वॅट, तार लालभडक होणार. फोमला लाल तार नकोच आहे, लाल तारेने कापलं की काप रुंद आणि खरबरीत होतो आणि धूर निघतो. तार काळीच दिसली पाहिजे आणि फोममधून सावकाश सरकली पाहिजे. 5-6 व्होल्ट, 3 अँपिअरचा ॲडजस्टेबल ॲडाप्टर त्यासाठी बरोबर, 18 वॅटच्या आसपास काम होऊन जाते. बॅटरीला थेट जोडण्यात दुसरं भय असं की शॉर्ट झालं तर बॅटरी एकदम प्रचंड करंट सोडते, फ्यूज नसेल तर वायरच पेटते. घरच्या 230 च्या लाइनला तर हात लावायचा नाही, डिमर लावून पण नाही. आणि कापायचं ओसरीत, वारा पाठीमागून येईल असं बसून, स्टायरीनची वाफ डोक्यात जाते.

लाइट नसेल तर काही अडत नाही. ज्याच्या लांब पात्याचे तुकडे मोडता येतात तो कटर घे, नवीन पातं लाव, आणि एका दमात खोल न कापता त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा चालव. बोथट पातं फोम कापत नाही, फाडते, निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

चपलीला लावतो तो पिवळा सोल्यूशन चालते काय?
– वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

नाही. त्यातलं सॉल्व्हंट फोम खाते. स्प्रेचा डबा, ऑइल पेंट, थिनर, पेट्रोल, सगळ्यांचं तेच. फेव्हिकोल लावा, बांबूच्या काड्या आरपार खोचा आणि वर वजन ठेवून दोन दिवस विसरून जा, दोन शीटच्या मधे हवा लागत नाही म्हणून वेळ घेते. स्प्रे मारायचाच असेल तर आधी फेव्हिकोल आणि इमल्शनचे (पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाचे) दोन हात सगळीकडून, कडांनासुद्धा.

आमच्या गावाजवळची आडगावची लढाई मांडायची आहे. शाळेच्या प्रदर्शनात ठेवणार आहोत. व्हिडिओ पाहून हिरवं गवत मागवलं आहे, पण सर म्हणतात हे आपल्यासारखं दिसत नाही. काय करावं?
– दोन मैत्रिणी, इयत्ता नववी, ता. तेल्हारा, जि. अकोला

तुमचे सर बरोबर बोलले. हे पत्र मला सगळ्यात आवडलं म्हणून जरा जास्त लिहितो, बाकीच्यांनी रागावू नये.

लढाई झाली 29 नोव्हेंबर 1803 ला. नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे स्वार एका बाजूला, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची ईस्ट इंडिया कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला. गावाजवळून बाहेर पडताना भोसल्यांच्या तोफांचा मारा असा बसला की कंपनीच्या काही पलटणी बिथरून मागे फिरल्या, त्यांना वेलस्लीने पुन्हा गोळा करून उभं केलं आणि मग निकाल त्याच्या बाजूने गेला. म्हणजे तुमच्या बोर्डावर दोन गोष्टी पाहिजेच, एक गाव आणि दुसरं त्याच्यापुढचं सपाट मोकळं वावर. टेकड्या करू नका. पोट्टे टेकडी करायला पाहतातच, पण ते मैदान आहे, तिथं तोफेला मोकळी नजर होती म्हणूनच तर पलटणी बिथरल्या.

आणि तारीख पाहा ना, नोव्हेंबर संपत आलेला. तेव्हा आपल्याकडे हिरवंगार काय असते? ज्वारी वाळायला लागलेली, कपाशी फुटलेली, धुऱ्यावरचं गवत पिवळं पडलेलं. मागवलेलं हिरवं गवत परत पाठवू नका, गाळलेला लाकडाचा भुसा पिवळट तपकिरी इमल्शनमधे कालवून वाळवा आणि त्यात ते हिरवं चिमूटभर मिसळा. भुसा आरामशीनवर मिळतो. सोयाबीन दाखवू नका, 1803 ला इकडे नव्हतं.

काळ्या मातीसाठी रंग विकत घेऊ नका, माती अंगणात आहे. वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीतून गाळा. फोम सँडपेपरने खरबरीत करा, फेव्हिकोलचा हात द्या आणि तो ओला असतानाच मातीचा चिखल पातळ पसरा, मग सावलीत वाळू द्या. आपली माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात वावराला पडतात तशाच भेगा बोर्डावर आपोआप पडतील. इथे एक खुबी आहे, थर जितका पातळ तितक्या भेगा बारीक आणि जवळजवळ. जाड थर दिला तर तुमच्या सैनिकाचा पाय जाईल एवढी भेग पडेल आणि सगळा अंदाजच बिघडेल. वाळल्यावर एक भाग फेव्हिकोल तीन भाग पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, हे मिश्रण ड्रॉपरने हळूहळू सोडा, ब्रश फिरवू नका नाहीतर भेगा पुसल्या जातील. लिक्विड नसेल तर पाणी मातीवर गोळे होऊन बसते, आत शिरत नाही.

झाडांना पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडाचे, शेंडे घ्या. वाळलेल्या पऱ्हाटीच्या टोकाची फांदी नीट पाहा, बाभळीसारखीच फाटे फुटत जाते, काहीच कोरायचं नाही. फक्त किडकी बोंडं लागलेल्या काड्या घरात आणू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून असते, बोंडं तोडून काड्या उन्हात चांगल्या तापवून घ्या. पानांना घोसाळ्याची वाळलेली जाळी बारीक कातरून रंगवा.

सैनिकांचा आकार आधी ठरवा. 28 मिलिमीटरचे सैनिक घेतले तर शे-दोनशे सैनिकांतच पैसे संपतील आणि ती लढाई नाही, हाणामारी वाटेल. 6 मिलिमीटरचे घेतले, किंवा पुठ्ठ्यावर छापून उभे केले, तर पलटणी पलटणींसारख्या दिसतात. पण मग मातीच्या भेगा नकोत, त्या मापात त्या दऱ्या वाटतील, नुसती गाळलेली माती भुरभुरवा. नाल्यात पाणी दाखवायला रेझिन ओतायचा मोह होईल, नको, आपल्याकडचे छोटे नाले दिवाळीनंतर कोरडेच पडतात, वाळू आणि चार खडे टाका, खर्च वाचला.

ज्यांना टेकडीच करायची आहे त्यांनी पंधरा दिवस पुढची, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याची लढाई घ्यावी, 15 डिसेंबर 1803. तिथं मात्र फोम कामाला येते. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेले, म्हणून लांबून पायऱ्या पायऱ्या दिसतात, 25 ची शीट एकावर एक लावली की अर्धा डोंगर तिथंच तयार. कडा कापू नका, हाताने मोडा, आणि वर खरा काळा दगड दाबून फिरवा, त्याचा पोत उमटतो. मुख्य हल्ला उत्तरेकडून झाला, त्या बाजूला किल्ला डोंगराच्या अरुंद मानेने जोडलेला आहे, ती मान तेवढी बरोबर दाखवा.

बोर्ड छान झाला पण पुट्टी आणि रंग वाळल्यावर चारी कोपरे वर उचलले गेले. आता फेकायचा का?
– वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

थांबा, फेकू नका. पुट्टी काय आणि फेव्हिकोल काय, वाळताना आकसतं आणि फोमची वरची बाजू ओढून घेतं, खालच्या बाजूला ओढणारं कोणी नाही म्हणून कोपरे उठतात. खाली पण फेव्हिकोल लावून जाड कागद चिकटवा, बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, वर प्लास्टिक आणि त्यावर पुस्तकं, आणि पूर्ण वाळेपर्यंत उचलू नका. बराच सरळ येतो. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सोबतच हात द्या, शीटची गुळगुळीत साल काढायची असेल तर तीही दोन्हीकडून काढा, एकाच बाजूची काढली तरी शीट वाकते. खाली 6 मिलिमीटरचा प्लाय लावला तर प्रश्नच मिटतो, वजन वाढते तेवढं. एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगते.

आमची खोली टिनाची. मे महिन्यात बोर्ड वितळणार तर नाही?
– वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

पॉलिस्टायरीन मऊ पडायला 100 अंशांच्या आसपास लागते आणि या शीट 75 पर्यंत चालवायच्या असं धरतात, म्हणजे टिनाखालच्या खोलीत तुम्ही आधी वितळाल. पण काळा रंगवलेला बोर्ड थेट उन्हात किंवा काचा बंद गाडीत ठेवू नका, तिथला हिशेब वेगळा. हॉट ग्लूने चिकटवलेलं मात्र फोमच्या कितीतरी आधी ढिलं पडते, घरं आणि झाडं फेव्हिकोलनेच बसवा.

खरी भीती उन्हाची नाहीच, उंदीर आणि मुंग्यांची आहे. फोममधे मुंग्या बोगदे करतात, उंदीर कोपरे कुरतडतो, वाळवी लागली तर प्लायही जातो. लोखंडी रॅकवर आडवा ठेवा, भिंतीला टेकवून उभा नको, जुनं बेडशीट झाका आणि महिन्यातून एकदा उचलून खालची बाजू पाहा.

उरलेले तुकडे चुलीत टाकले तर चालते का? आई रोज ओरडते.
– वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

चुलीत नको, शेकोटीतही नको, काळा धूर होतो आणि जळता थेंब अंगावर पडला की कातडीला चिकटतो. मोठे तुकडे दगड आणि भिंतींसाठी ठेवा, बारीक चुरा फेव्हिकोलमधे कालवला की ढिगारा आणि पडके बुरूज होतात, तेही नको असेल तर पोत्यात बांधून भंगारवाल्याला विचारा. आणि भाऊ, आई ओरडते ती तुकड्यांसाठी नाही, झाडायला तुम्ही उठत नाही म्हणून. चुरा झाडूला चिकटतो, ओल्या फडक्याने पुसा, लगेच निघतो.