पार्किन्सन्समध्ये डोक्यावर चुंबक लावून चालणं सुधारतं का?

तुम्ही विचारलंय, वडिलांना पार्किन्सन्स आहे, दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि पुण्यात ऑपरेशनशिवाय चुंबकाने उपचार होतात असं कळलंय, तर न्यावं का?

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, पार्किन्सन्सचे पेशंट घरी जाऊनही बघते. न्यायला हरकत नाही, पण गोळ्या आणि व्यायाम सोडून नको. कर्ज काढून तर मुळीच नको.

या उपचाराला टीएमएस म्हणतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी हे यंत्र पहिल्यांदा दाखवलं. कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, डोक्याला टेकवतात, तिच्या चुंबकीय क्षेत्राने मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी चेतवल्या जातात. आधी ठरावीक जागी एकेक ठोका देऊन हाताचा अंगठा आपोआप उडतो का ते बघतात, त्यावरून ताकद ठरते. भूल लागत नाही. आवाज मोठा असतो म्हणून कानात बोळे घालतात. नंतर थोडं डोकं दुखू शकतं, फिट येणं फार क्वचित.

अडचण अशी, की या आजारात ज्या पेशी मरतात त्या मेंदूत खोल आहेत आणि कॉइलचा जोर वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. त्यामुळे आजार थांबत नाही. वरून खोलवरच्या पेशींच्या जाळ्याला चालना मिळते, हालचाल थोडी मोकळी होते, आणि सेशन बंद झाल्यावर हळूहळू ओसरते. अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २००८ मध्ये डिप्रेशनसाठी याला परवानगी दिली, पार्किन्सन्सच्या हालचालींसाठी दिलेली नाही. शिवाय या आजारात नुसत्या आशेनेही फरक पडतो. खोट्या औषधानंतरही पेशंटच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, वाढतं, हे २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी स्कॅनवर दाखवलं. म्हणून "आमच्या पेशंटला लगेच फरक पडला" एवढ्यावर पैसे भरू नका.

आणि सेशन्स बहुतेक रोज, सलग काही आठवडे असतात. अडीचशे किलोमीटर रोज येणं-जाणं जमणार नाही, पुण्यात राहायची सोय आधी बघा. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप किंवा पूर्वी फिट आली असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. सेशननंतर लगेच चालण्याचा व्यायाम करून घेणार का, हेही विचारा. मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तोवर एक करून बघा. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. पाय अडला की वडिलांना फरशीचा पुढचा सांधा ओलांडायला सांगा. पुष्कळांचा पाय तिथे सुटतो, आणि ओढून नेण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. घरात टाइल्स असतील तर दाराच्या अलीकडे-पलीकडे पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा. आणि लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत डोपामिन भरून काढणारी नेहमीची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. डाळ, दूध, शेंगाचटणी यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. दिवसात पाय कधी अडतो आणि गोळी कधी घेतली, हे आठवडाभर वहीत लिहा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. कित्येकदा गोळीची वेळ बदलूनच बरंच काम होतं.