बाटलीतले बॅक्टेरिया: नक्की कुठले घ्यायचे?

प्रश्न: १५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक लावलाय, ड्राय रॉक आणि कोरडी वाळू, म्हणजे आत जिवंत असं काहीच नाही. सायकल (म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये बसणं) लवकर व्हावी म्हणून बाटलीतले बॅक्टेरिया टाकायचेत. कुणी म्हणतं डॉक्टर टिम्स घ्या, कुणी म्हणतं फ्रिट्झ टर्बोस्टार्ट, आणि एक बाटली अशी आहे की कपाटात कितीही दिवस राहिली तरी चालते म्हणे! कुठली घेऊ? आणि मासे त्याच दिवशी सोडले तर चालतील का?

उत्तर: ब्रँडचं नंतर बघू, आधी बाटलीत बसलंय कोण ते बघा. मासे अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजलं की अजून होतो, मग एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. ही दोन कामं करणारे नायट्रिफाइंग बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायलाच साधारण दिवस जातो, आणि त्यांना बीजाणू (कवचातलं झोपलेलं रूप) करता येत नाहीत, म्हणजे बाटलीत ते जसे आहेत तसेच तग धरून असतात, उन्हात तापले की मेले, गोठले तरी मेले. कपाटात आरामात राहणाऱ्या बाटलीत बहुतेक वेळा बॅसिलस असतात. ते बीजाणू करून झोपून राहतात, टँकमधला सेंद्रिय गाळ खायला चांगले, पण तुम्हाला हवं ते काम त्यांचं नाही. म्हणून कपाटवाली बाटली सोडा.

दुसऱ्या गटाचीही एक गंमत आहे. वर्षानुवर्षं सगळे नायट्रोबॅक्टरचं नाव घ्यायचे, पण १९९८ मध्ये टिम होव्हनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दाखवलं की नायट्राइट खाणारे नायट्रोस्पायरासारखे बॅक्टेरिया असतात. डॉक्टर टिम्समधले टिम ते हेच. त्यांची बाटली घ्या नाहीतर टर्बोस्टार्ट, मला दोन्ही चालतील, फक्त खाऱ्या पाण्याचीच घ्या (टर्बोस्टार्टमध्ये ९०० म्हणजे खारं, ७०० म्हणजे गोडं). तारीख बघा आणि दुकानदाराने बाटली कुठे ठेवली होती ते विचाराच, टर्बोस्टार्ट तर फ्रिजमधलीच हवी. मी एकदा बाटली बंद गाडीत दुपारभर विसरलो आणि तीच टँकमध्ये ओतली, आठ दिवस अमोनिया जागचा हलला नाही, चूक माझीच होती पण शिव्या मात्र कंपनीला घातल्या.

टाकायच्या आधी बाटली चांगली हलवा. पाण्यात क्लोरीन नको, आरओ-डीआयचं (फिल्टरने शुद्ध केलेलं) पाणी असेल तर हा प्रश्नच येत नाही. यूव्ही (जंतू मारणारा दिवा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पहिले दोन दिवस बंद ठेवा, पंप मात्र चालू, कारण बॅक्टेरियांना ऑक्सिजन भरपूर लागतो. मग अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) न्या, ५ च्या वर गेला तर ज्यांना वाढवायचंय त्यांचंच काम अडतं. २४ तासांत २ चा शून्य झाला की बाटली जिवंत होती असं समजा, आठवडा झाला आणि आकडा हललाच नाही तर दुसरी आणा.

नायट्राइट दिसलं म्हणून घाबरू नका, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे ते माशांना गोड्या पाण्याइतकं बाधत नाही. पण नायट्राइट असताना नायट्रेटची टेस्ट भलताच मोठा आकडा दाखवते, तेव्हा ती नंतरच करा.

आता मासे. लेबलवर "लगेच सोडा" असतं, आणि ताजी बाटली व एखादा छोटा क्लाउनफिश असेल तर ते जमतंही, कारण तो अमोनिया थोडाच करतो. पण बाहेरून अमोनिया घातला असेल तर शून्य झाल्याशिवाय एकही नको, ८ च्या वरच्या पीएचला अमोनिया जास्त विषारी असतो.

प्रश्न: पाणी बदललं तर बॅक्टेरिया वाहून जातील का?

उत्तर: नाही हो. एकदा बसले की ते दगडावर, वाळूवर चिकटून राहतात, पाण्यात फार थोडे असतात. फक्त पहिल्या आठवड्यात, बसायच्या आधी, बदलू नका.