कोकणातील हवामान केंद्रांची जुनी दैनंदिन आकडेवारी विनामूल्य कशी मिळवावी?

रत्नागिरीजवळच्या आपल्या हापूसच्या बागेसाठी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचे रोजचे किमान तापमान आणि पाऊस यांचे आकडे पैसे न भरता मिळतील का, असा आपला प्रश्न आहे. असे आकडे मिळतात. या पट्ट्यातील बागायतदारांसाठी मी अशी आकडेवारी जुळवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, की डाउनलोडचे काम अर्ध्या तासाचे असते. खरा वेळ हातात आलेला आकडा कशाचा आहे हे तपासण्यात जातो आणि तो द्यायलाच हवा.

आपल्याला हवे आहे ते केंद्रावरचे प्रत्यक्ष मोजमाप. नकाशावर कुठेही बोट ठेवले की १९४० पासूनचे तापमान दाखवणारी जी संकेतस्थळे आहेत, ती बहुधा युरोपातील ‘ईआरए५’ या पुनर्विश्लेषणावर, म्हणजे जुन्या नोंदी संगणकीय प्रारूपात घालून काढलेल्या अंदाजी आकड्यांवर चालतात. त्यात नकाशाचे चौकोनी भाग पाडून प्रत्येक चौकटीला एकच आकडा दिलेला असतो. अशी एक चौकट सुमारे ३१ किलोमीटरची असते, आणि किनाऱ्यावर तिच्यात समुद्र व जमीन एकत्र येतात. समुद्रावरची रात्र जमिनीइतकी गार होत नाही, त्यामुळे मोहोराच्या काळातील किमान तापमान पाहण्यासाठी मी त्यावर अवलंबून राहणार नाही.

केंद्राच्या नोंदींसाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी हवामान व सागर संस्थेचा साठा सर्वांत सोयीचा आहे, कारण जगभरातील हवामान खाती एकमेकांना जे संदेश पाठवतात ते तिथे जमा होतात आणि कोणालाही घेता येतात. केंद्र शोधताना नावापेक्षा क्रमांकावर विसंबावे. जुन्या याद्यांत मुंबई ‘बॉम्बे’ म्हणून सापडते. रत्नागिरीचा जागतिक क्रमांक ४३११०, कुलाब्याचा ४३०५७ आणि सांताक्रूझचा ४३००३ आहे. ‘ग्लोबल समरी ऑफ द डे’ या संचात याच क्रमांकापुढे एक शून्य आणि पाच वेळा ९ लावले की फाइलचे नाव तयार होते, म्हणजे रत्नागिरीसाठी ४३११००९९९९९. वर्षाचे फोल्डर उघडून ही सीएसव्ही फाइल घ्यायची आणि पुढच्या वर्षासाठी तेच करायचे. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पाऊस इंचांत असतो, तो आपल्या एककांत बदलून घ्यावा.

इथे दोन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी लागते. पावसाच्या रकान्यात ९९.९९ दिसले तर त्याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा आहे. परंतु अनेक केंद्रे कोरड्या दिवशी शून्य कळवतच नाहीत, त्यामुळे जानेवारीतला कोरडा दिवस आणि जुलैत संदेश न पोहोचलेला दिवस हे दोन्ही या फाइलमध्ये सारखेच दिसतात. सरसकट शून्य भरले तर पावसाळ्याची बेरीज खोटी ठरते, आणि सगळे दिवस वगळले तर उन्हाळ्यातील अवकाळी पावसाचे प्रमाण फुगते. मी पावसाळ्याचे महिने वेगळे काढून तिथे रिकामी जागा रिकामीच ठेवतो. दुसरी गोष्ट किमान तापमानाची. त्या आकड्याशेजारी तारका असेल, तर तो किमान तापमापकावरून थेट कळवलेला नसून दिवसभरातील ठरावीक वेळांच्या वाचनांतून निवडलेला असतो. आपल्याकडील मुख्य वाचने पहाटे साडेपाच आणि सकाळी साडेआठला होतात. थंडीतला सर्वांत गार क्षण बहुधा यांच्या मधे, सूर्योदयाच्या सुमारास येतो. त्यामुळे असा आकडा खऱ्या किमानापेक्षा थोडा जास्त असण्याची शक्यता असते, आणि मोहोराचा अभ्यास करणाऱ्याला एखाद्या अंशाचाही फरक महत्त्वाचा वाटतो.

याच संस्थेचा ‘जीएचसीएन-डेली’ हा दुसरा संच जुन्या पावसासाठी अधिक उपयोगी आहे. त्यात पाऊस मिलिमीटरच्या दशांशात असतो, म्हणजे २५० हा आकडा २५ मिलिमीटरचा. तापमानही अंशाच्या दशांशात, आणि नसलेली नोंद -९९९९. फाइल घेण्यापूर्वी त्यांची ‘इन्व्हेंटरी’ अवश्य उघडावी, कारण कोणत्या केंद्रावर कोणता घटक कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे हे त्यात दिलेले असते, आणि भारतातील बऱ्याच केंद्रांची पावसाची नोंद १९७० च्या सुमारास थांबते.

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत आणि १९५१ पासूनचे कमाल-किमान तापमान एक अंशाच्या चौकटींत विनामूल्य उपलब्ध केले आहे. वर्ष निवडले की फाइल मिळते आणि पायथन ही संगणकाची भाषा येत असल्यास तिच्यातील ‘आयएमडीलिब’ या तयार साधनाने ती सहज उघडते. ही आकडेवारी केंद्रांवरच्या मोजमापांतूनच बनते, तरी कोकणात ती जपून वापरावी. पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर, आणि समुद्रापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंतचे अंतर बहुतेक ठिकाणी पन्नास किलोमीटरच्या आसपास. एवढ्यात पाऊस कुठच्या कुठे जातो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदले गेले, तर त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नव्हते.

तारखांचा घोळही याच उदाहरणाने कळतो. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा मोजण्याच्या तारखेला लिहितात, म्हणून हवामान विभागाच्या संचात तो पाऊस २७ जुलैखाली शोधावा लागतो. दोन संच शेजारी ठेवताना एक मोठा पाऊस निवडून तारखा जुळतात का ते आधी पाहावे. एका दिवसाचा सरक असेल तर तो लगेच दिसतो.

अलीकडच्या वर्षांसाठी राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो आणि बागेला सर्वांत जवळचा आकडा बहुधा तोच असतो. बँकेत किंवा फळपीक विम्याच्या दाव्यासाठी मात्र परदेशी साठ्यातून उतरवलेली फाइल चालेल असे गृहीत धरू नये. विम्यात आपल्या मंडळाला लागू केलेल्या केंद्राची नोंद धरली जाते, आणि मुख्य वेधशाळेची अधिकृत नोंद हवी असल्यास हवामान विभागाच्या पुण्यातील डेटा सप्लाय पोर्टलवर रीतसर अर्ज करावा लागतो.