कॉफीत चॉकलेट, कॅरमेल, बदाम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मोका (चॉकलेटची कॉफी) करताना कोको पावडरच्या गुठळ्या होतात. काय चुकतं?

क्रम चुकतो. कोकोच्या कणांत कोकोबटर, म्हणजे कोकोचा स्निग्धांश असतो, म्हणून ते दुधात सहज भिजत नाहीत. कपात दोन चमचे कोको आणि साखर कोरडीच मिसळा, त्यावर चमचा-दोन चमचे कडकडीत गरम कॉफी घालून गुळगुळीत होईपर्यंत घोटा. मग उरलेली कॉफी, शेवटी दूध. तळाशी थोडा गाळ राहणारच, कारण कोको विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि हळूहळू खाली बसतो. तोही कमी हवा असेल तर ३० मिली एस्प्रेसोला (दाट, कडक कॉफीला) २० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून घ्या आणि कॉफी त्यावर एकदम ओता. थेंबभर पाणी लागलं तर वितळलेलं चॉकलेट आवळून येतं, भरपूर द्रवात मात्र छान मिसळतं.

प्रश्न: घरचं कॅरमेल कधी कडू होतं, कधी त्यात साखरेचे खडे होतात. कॉफीसाठी ते नेमकं कसं करायचं?

कॅरमेल घरीच करा, असा माझा आग्रह आहे. बाटलीतल्या बहुतेक सिरपांत गोडवा असतो, भाजल्याची चव नसते. १०० ग्रॅम साखर, ३० मिली पाणी आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब जाड बुडाच्या खोल पातेल्यात घ्या. आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि खडे धरायला अडथळा येतो. उकळी आल्यावर चमचा घालू नका, पातेलंच हलकेच फिरवा.

साखर साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे रंग धरू लागते. फिकट सोनेरी रंगावर थांबलात तर ते कॅरमेल कॉफीत हरवून जातं. तांबूस होऊ द्या, पण धूर दिसायच्या आत गॅस बंद करा, कारण तापलेल्या पातेल्यात रंग पुढेही चढत राहतो. लगेच १०० मिली कोमट क्रीम थोडं थोडं घाला. फसफसून वर येईल, वाफ जोरात येते, हात लांब ठेवा. शेवटी चिमूटभर मीठ घाला, ते कडवटपणा दाबतं. गार कॉफीसाठी क्रीमऐवजी ८० मिली गरम पाणी वापरा. ते सिरप थंडीतही घट्ट होत नाही.

प्रश्न: कॉफीत बदामाचं दूध घातलं की फुटतं.

कॉफी आम्लधर्मी असते, वर उष्णता, म्हणून त्यातली प्रथिनं गोळा होतात. दूध आधी ५५-६० अंशांपर्यंत गरम करा आणि त्यात कॉफी हळूहळू ओता. गडद भाजणीची कॉफी कमी आंबट असते, ती घ्या.

प्रश्न: सिरप न वापरता हेझलनट किंवा अक्रोडाचा स्वाद कसा आणायचा?

भाजून. कच्च्या दाण्यांना फारसा वास नसतो. ओव्हनमध्ये १६० अंशांवर दहा मिनिटं भाजा, जाडसर कुटा आणि गरम साईच्या दुधात अर्धा तास झाकून ठेवून गाळा. सुगंधाचे बरेच घटक स्निग्धांशात उतरतात, म्हणून इथे पाणी कामाचं नाही. दाणे कॉफी ग्राइंडरमध्ये मुळीच दळू नका, तेलाने तो चोंदतो.

प्रश्न: तिन्ही स्वाद एकाच कपात चालतील का?

चालतील, पण गोडवा फक्त कॅरमेलचाच ठेवा, चॉकलेट ७० टक्के कोकोचं घ्या. पाहुण्यांना देण्याआधी मात्र नक्की विचारा: या दाण्यांची ॲलर्जी असलेल्यांना गाळलेलं दूधही बाधतं.