वडिलांना व्हायब्रंट साउंडब्रिज, म्हणजे मधल्या कानात थरथर निर्माण करून ऐकवणारं मिडल इअर इम्प्लांट, बसवणार आहेत. ते नीट बसलं की नाही, हे ऑपरेशन चालू असतानाच कळतं का?

हो, बऱ्याच अंशी कळतं. वडिलांसाठी ही तपासणी आग्रहाने करून घ्या. मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट आहे. इथे कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल (ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र) ऐकलेले बरेच नातेवाईक म्हणतात, "मशीन स्वतःच तपासून सांगतं ना?" कॉक्लिअरमध्ये ते खरं आहे, तिथे नसेचा प्रतिसाद तेच यंत्र मोजतं. साउंडब्रिजला बाहेरून तपासावं लागतं.

कानात बसणारा त्याचा भाग जेमतेम २.३ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिग्रॅम वजनाचा. तो थरथरतो आणि ती थरथर ऐरणीच्या हाडाला देतो. मधल्या कानातल्या हाडांची साखळीच खराब असेल, तर कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, गोल खिडकीला (पातळ पडद्याने झाकलेल्या छिद्राला). खरी मेख इथेच आहे. मायक्रोस्कोपखाली सगळं छान दिसतं, पण तो किंचित तिरका बसला किंवा शेजारच्या हाडाला टेकला तरी आत पोचणारा आवाज घटतो. गोल खिडकीवर हा धोका जास्त. रुग्ण पूर्ण भुलीत असेल तर त्याला विचारणार कसं?

म्हणून ऑपरेशनच्या टेबलावरच बेरा (आवाजाला नस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी तपासणी) करतात. प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग, निर्जंतुक आवरणात घालून कातडीवर ठेवायचा, इम्प्लांटमधूनच आवाज द्यायचा आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर मेंदूकडे जाणाऱ्या लहरी बघायच्या. पाचवी लहर किती हळू आवाजापर्यंत टिकते, ते आधीच्या बोन कंडक्शनच्या (कवटीच्या हाडातून आवाज देऊन केलेल्या श्रवणचाचणीच्या) आकड्यांशी ताडतात. तफावत मोठी असेल तर सर्जन तिथल्या तिथे जागा सुधारू शकतात. इम्प्लांटचा स्वतःचा विद्युत सिग्नल नोंदीत घुसतो, त्यामुळे वाचणारा माणूस सरावलेला हवा. कॉक्लियाजवळच इलेक्ट्रोड ठेवून इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफीही करता येते. तिथला प्रतिसाद ठळक असतो.

शब्द किती समजतील, हे मात्र यातून कळत नाही. प्रोसेसर सुरू होतो जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी. तेव्हा कमी ऐकू आलं आणि टेबलावरची नोंद चांगली असेल, तर नंतर काही सरकलं का, आत जखमेचा व्रण धरला का, तिकडे बघता येतं. नोंदच नसेल तर सगळा अंदाजाचा कारभार.

सर्जनना आत्ताच विचारा: थिएटरमध्ये ऑडिओलॉजिस्ट असेल का, आणि प्रतिसाद कमी आला तर जागा बदलून पुन्हा मोजणार का? नोंदीची प्रत डिस्चार्जच्या कागदांसोबत मागून घ्या.