घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ४८ आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमची शेती आहे. हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्री येते, शिवाय रानडुकरांमुळे आठवड्यातून तीन रात्री त्यांना वावरात जागलीला जावे लागते. घरी झोपले की ते इतके घोरतात की आवाज ओसरीपर्यंत येतो. मध्येच श्वास थांबतो आणि मग ते दचकून मोठा श्वास घेतात. सकाळी डोके दुखते, चहा पितानाही डुलकी लागते आणि मागच्या महिन्यात मोटारसायकल चालवताना डोळा लागून ते रस्त्याकडेच्या नालीत पडले. सासूबाई म्हणतात, ही कष्टाची झोप आहे. झोपेची गोळी द्यावी का?

उत्तर : ताई, गोळी मुळीच देऊ नका. तुम्ही जे पाहिले, ते झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचे, म्हणजे ‘स्लीप अ‍ॅप्निया’चे लक्षण असण्याची दाट शक्यता आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन तो मार्ग उघडतो. झोपलेल्या माणसाला मात्र यातले काहीच आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद अडला किंवा फार उथळ झाला, तर ती एक नोंद धरतात. तासाला अशा ३० नोंदी झाल्या तर आजार तीव्र मानतात, म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी झोप मोडते. अशा माणसाने आठ तास अंथरुणात काढले तरी त्याला विश्रांती मिळत नाही. झोपेची गोळी आणि दारू यांमुळे घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, म्हणून दोन्ही टाळावीत.

जागलीमुळे झोप अपुरी होते हे खरेच आहे आणि दिवसा येणाऱ्या गुंगीत तिचाही वाटा असेल. पण जागलीने झोपेत श्वास थांबत नाही. म्हणून सुगी संपेपर्यंत वाट पाहू नका.

निदानाची सुरुवात तुमच्यापासूनच होते, कारण रात्री त्यांना पाहणाऱ्या तुम्हीच आहात. ते गाढ झोपले की मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचे चित्रीकरण करा. शिलाईच्या टेपने त्यांच्या मानेचा घेर मोजा. तो ४० सेंटिमीटरहून जास्त असल्यास संशय वाढतो. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासण्याविषयी विचारा व चित्रीकरण दाखवून कान-नाक-घसा किंवा छातीरोग विभागासाठी चिठ्ठी घ्या. यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी ‘स्लीप स्टडी’ होते का, हे फोनवर विचारा, म्हणजे एसटीचा हेलपाटा वाचेल. या तपासणीत नाकाशी, छातीवर, बोटाला आणि डोक्याला तारा लावून रात्रभर नोंद घेतात. सुई टोचत नाहीत. काही रुग्णांची तपासणी लहान यंत्र देऊन घरीही करता येते.

आजार ठरला तर मध्यम आणि तीव्र रुग्णांसाठी मुख्य उपचार सीपॅपचा. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेल्या या पद्धतीत मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवतात. यंत्र महाग असते, पण ते भाड्यानेही मिळते. आधी भाड्याने घ्यावे, असे माझे मत आहे. बरेच लोक पहिल्याच आठवड्यात कंटाळून ते कपाटात ठेवतात आणि अनेकदा कारण एवढेच असते की मुखवट्याचे माप चुकलेले असते. माप बदलून घ्या, हार मानू नका. गावात रात्री वीज जात असेल, तर बॅटरीची सोय आधीच विचारून ठेवा. वजन कमी करणे आणि कुशीवर झोपणे यांचाही उपयोग होतो. जागलीत डोळा लागू नये म्हणून खर्रा खात असतील तर तो सोडवा, कारण तंबाखूतील निकोटीन नंतरची झोपही बिघडवते.

तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत मोटारसायकल आणि ट्रॅक्टर त्यांच्या हाती देऊ नका. दवाखान्यात तुम्ही सोबत जा. डॉक्टरांनी विचारल्यावर ते ‘मला चांगली झोप लागते’ असेच सांगतील.